हातचा न घेता चढलेला डोंगर

मोबाइल हातात आहेच, तर एक गुणाकार करून बघा. नऊ वेळा एक लिहा, म्हणजे १११११११११, आणि या संख्येला तिनेच गुणा.

खरं उत्तर आहे १२३४५६७८९८७६५४३२१. एकपासून नऊपर्यंत पायऱ्या चढायच्या आणि तशाच उतरायच्या. पण तुमच्या स्क्रीनवर हेच येईल अशी खात्री नाही. काही कॅल्क्युलेटर पूर्ण उत्तर दाखवतात, काही ‘१.२३ गुणिले दहाचा सोळावा घात’ असं काहीतरी सांगून मोकळे होतात. एक्सेलच्या चौकटीत हा गुणाकार केला तर पंधरा अंकांनंतर शून्यं येतात: १२३४५६७८९८७६५४३००. ब्राउझरमध्ये जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या संख्याप्रकाराने केला तर उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२०. बाकी सगळं बरोबर, फक्त शेवटी १ च्या जागी ०. तिथे प्रत्येक संख्येला ६४ बिटांची ठरावीक जागा मिळते. त्या जागेत ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच्या सगळ्या पूर्ण संख्या नेमक्या मावतात. त्यापुढे काही अंतरापर्यंत फक्त सम संख्या मावतात. आपली संख्या विषम, म्हणून ती शेजारच्या सम संख्येवर ढकलली जाते.

शेवटचा अंक १ च असणार हे कळायला खरं तर यंत्र लागत नाही. एक गुणिले एक, एक. दुसरीतल्या मुलालाही ते सांगता येईल.

या संख्येला गणितात एक नाव आहे: डेम्लो संख्या. पूर्णांकांच्या मालिकांचा जगभर वापरला जाणारा जो ऑनलाइन ज्ञानकोश आहे, त्यात १, १२१, १२३२१, १२३४३२१ ही मालिका ‘अद्भुत डेम्लो संख्या’ याच नावाने नोंदलेली आहे. डेम्लो हे कुणा ग्रीक पंडिताचं नाव असावं असं वाटतं. ते आपल्या मध्य रेल्वेवरचं स्टेशन आहे. आम्ही चौकची माणसं मुंबईला जायला एक तर पनवेल गाठतो, नाहीतर कर्जतला येऊन लोकल पकडतो. कर्जत लोकलमध्ये बसलं की वाटेत ते स्टेशन येतंच. तिथे गाडीत पाय ठेवायला जागा उरत नाही. आज त्याला डोंबिवली म्हणतात.

चढण आणि उतरण

आधी संख्या नीट बघू, मग माणसाकडे वळू.

चौकातून वर पाहिलं की इर्शाळगडाचा सुळका दिसतो. एका बाजूने चढत जाणारा, दुसऱ्या बाजूने उतरणारा. आपली संख्याही तशीच आहे. हा आकार येतो कुठून, हे कळायला शाळेतली गुणाकाराची मांडणी आठवा. १११ गुणिले १११ करताना आपण तीन ओळी लिहितो: १११, मग एक घर डावीकडे सरकवून १११०, मग आणखी एक घर सरकवून १११००. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ आहे, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा दोन, पाचव्यात एक. उत्तर १२३२१.

म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक ही त्या रकान्यात किती एक जमले याची मोजदाद आहे. नऊ एक घेतले तर नऊ ओळी होतात, आणि मधल्या रकान्यात नऊ एक एकाखाली एक येतात. कुठल्याही रकान्यात नऊपेक्षा जास्त होत नाहीत, म्हणून हातचा घ्यावाच लागत नाही. मोजलेलं जसंच्या तसं उतरतं. सगळा चमत्कार इतकाच आहे.

आता या संख्येच्या अंकांची बेरीज किती? १ ते ८ दोनदा आणि ९ एकदा, अशी करता येईल. पण न करताही सांगता येते. मांडणीत नऊ ओळी होत्या, प्रत्येकीत नऊ एक. म्हणजे कागदावर एकूण ८१ एक होते. हातचा झाला नाही, म्हणजे एकही हरवला नाही. बेरीज ८१.

पुढचा प्रश्न: या ८१ ने मूळ संख्येला भाग जातो का? १११११११११ या संख्येच्या अंकांची बेरीज ९ आहे, म्हणून तिला ९ ने भाग जातो. भागाकार येतो १२३४५६७९. (यात ८ गायब आहे, ते लक्षात ठेवा.) मग तिच्या वर्गाला ९ गुणिले ९, म्हणजे ८१ ने भाग जाणारच. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, अशा संख्येला ‘हर्षद संख्या’ म्हणतात, म्हणजे हर्ष देणारी. आपली सतरा अंकी संख्या हर्षद आहे. तिची धाकटी भावंडं मात्र बहुतेक नाहीत. १२१ च्या अंकांची बेरीज ४, आणि १२१ ला ४ ने भाग जात नाही. १२३४३२१ ची बेरीज १६. ती संख्या विषम, तिथेही भाग जात नाही. एका एकापासून नऊ एकांपर्यंतचे नऊ डोंगर तपासले तर तीनच हर्षद निघतात: १, १२३२१ आणि १२३४५६७८९८७६५४३२१. म्हणजे एक, तीन आणि नऊ एकांचे.

आणखी एक गंमत. शिखरावरचा ९ बाजूला ठेवा. डावीकडे उरतात १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. त्यांची बेरीज ९९९९९९९९. जो अंक शिखरावर, तोच बेरजेत सगळीकडे. १२३२१ घ्या: १२ आणि २१ मिळून ३३, आणि मध्ये ३. डेम्लो संख्येची व्याख्या हीच. संख्येचे तीन भाग पडले पाहिजेत, मधल्या भागात एकच अंक असावा, आणि दोन्ही टोकांची बेरीज केली की तोच अंक पुन्हापुन्हा यावा. १६५ ही अशी संख्या आहे, कारण १ आणि ५ मिळून ६. २५५३ हीसुद्धा, कारण २ आणि ३ मिळून ५. आपला डोंगर या मोठ्या कुळातला सर्वांत देखणा सदस्य.

ठाणे, डोंबिवली, देवळाली

डेम्लो आणि हर्षद ही दोन्ही नावं एकाच माणसाने दिली. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते आणि त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ज्योतिषावर तुमचा विश्वास असो वा नसो, त्यात आकडेमोड भरपूर असते, आणि मुलाला आकड्यांची गोडी घरातच लागली. शाळा ठाण्यात झाली, कॉलेज पुण्यात, फर्ग्युसनमध्ये.

ठाण्याहून पुण्याला रेल्वेने जायचं तर रस्ता तेव्हाही हाच होता: डोंबिवली, कल्याण, कर्जत, मग बोरघाट. तेव्हा या रेल्वेला जीआयपी म्हणत. मुंबईपासून तीस मैलांवरच्या एका स्टेशनात कापरेकरांना या संख्यांची कल्पना सुचली. त्या स्टेशनचं नाव त्यांनी डेम्लो असं सांगितलं आणि तेच संख्यांना दिलं. माणसं गावावरून आडनाव घेतात, तसं आकड्यांच्या एका कुळाला स्टेशनवरून नाव मिळालं.

१९२७ मध्ये, कॉलेजात असतानाच, त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी असलेलं रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. हे र. पु. परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिल्या क्रमांकावर आले होते, आणि तो मान मिळवणारे पहिले भारतीय ठरले. त्यांच्या नावाचं बक्षीस मिळालेल्या विद्यार्थ्याने केंब्रिजला जावं, निदान एमएस्सी तरी करावी, असं कुणालाही वाटेल. कापरेकर १९२९ मध्ये बीएस्सी झाले आणि पदव्यांचा विषय तिथेच संपला. १९३० पासून १९६२ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते नाशिकजवळ देवळालीला शाळामास्तर होते.

कल्याणला रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कर्जतकडे येतो आणि बोरघाट चढून पुण्याला जातो, दुसरा कसाऱ्याचा घाट चढून देवळाली-नाशिकला. कापरेकर शिकायला पहिल्या फाट्याने गेले आणि नोकरीला दुसऱ्या फाट्याने. त्यानंतरचं सगळं काम देवळालीतच झालं, शाळा सुटल्यावरच्या वेळात.

ते काम छापायचं कुठे, हा प्रश्न कायम होता. डेम्लो संख्यांचा सिद्धान्त १९३९ मध्ये, के. आर. गुंजीकर यांच्याबरोबर लिहिलेल्या लेखात, मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला. पण असं भाग्य दर वेळी लाभत नसे. बरंचसं काम त्यांनी छोट्या नियतकालिकांत दिलं, किंवा स्वतःच पुस्तिका छापून काढल्या. प्रकाशक: लेखक स्वतः, मुक्काम देवळाली. गणिताच्या परिषदांना ते जात, आणि तिथल्या अनेकांना हा प्रकार पोरकट वाटे. ना पदवी, ना विद्यापीठातली खुर्ची, आणि विषय काय, तर संख्येच्या अंकांची बेरीज. लोक हसत. शाळा-कॉलेजांतून मात्र त्यांना व्याख्यानाला बोलावणी येत.

दहावा एक

हसणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. त्यासाठी डोंगराला आणखी एक पायरी जोडून बघू.

दहा एकांचा वर्ग करा. आता मधल्या रकान्यात दहा एक जमतात. शून्य लिहायचं आणि हातचा एक डावीकडे द्यायचा. डावीकडच्या रकान्यात नऊ होते, त्यांचेही दहा झाले. पुन्हा शून्य, पुन्हा हातचा एक. त्याच्या डावीकडच्या आठाचे नऊ झाले आणि तिथे घसरण थांबली. उत्तर: १२३४५६७९००९८७६५४३२१. उतरण शाबूत आहे, पण चढणीवर ८ दिसत नाही आणि शिखराच्या जागी दोन शून्यांचा खड्डा पडलाय. अंकांची बेरीज १०० यायला हवी होती, ती ८२ आली. एक हातचा म्हणजे दहा एकांच्या बदल्यात एक एक, म्हणजे नऊचा तोटा. दोन हातच्यांचा तोटा अठरा.

मघाशी ९ ने भागताना १२३४५६७९ आलं होतं, आणि त्यातही ८ नव्हता. तो योगायोग नाही. १ ला ८१ ने भागा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९… तिथेही आठ नाही. एक नवमांश म्हणजे ०.१११…, न संपणारे एक. ८१ म्हणजे नऊचा वर्ग, म्हणून एक भागिले ८१ हा त्या न संपणाऱ्या एकांचा वर्ग आहे. हा नुसता चढत जाणारा डोंगर, याला उतरण नाही. चढताना १, २, ३ करत ८, ९ आणि पुढे १० येतो. दहाचा हातचा नवावर पडतो, नवाचा आठावर, आणि आठाचा नऊ होतो. आठ कुठे हरवला, या कोड्याचं उत्तर पुन्हा हातचाच आहे. कापरेकरांनी आवर्ती दशांश अपूर्णांकांवर एक स्वतंत्र पुस्तिका काढली होती, ती याच भागातली वाट.

इथे जरा थांबून मोजू. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लिहिलेल्या ‘लीलावती’त संख्यांच्या अठरा स्थानांची नावं आहेत: एक, दश, शत, सहस्र इथून सुरू होऊन जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटी परार्ध. आपला नऊ एकांचा डोंगर सतरा अंकी, म्हणजे त्याचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानावर बसतो, परार्धाच्या एक पायरी अलीकडे. दहा एकांचा मोडका डोंगर एकोणीस अंकी आहे. तो भास्कराचार्यांची यादी ओलांडून जातो. नावांची यादी आणि डोंगराचा आकार लागोपाठच्या पायऱ्यांवर संपतात. याला मात्र योगायोगच म्हणायला हवं. यादी माणसांनी ठरवली, आकार हातच्याने मोडला.

हार्डीचा आक्षेप

१९४० मध्ये, म्हणजे कापरेकर आणि गुंजीकरांच्या लेखानंतर लगेचच, केंब्रिजचे गणिती जी. एच. हार्डी यांचं ‘अ मॅथमॅटिशियन्स अपॉलॉजी’ हे छोटं पुस्तक आलं. रामानुजन यांना इंग्लंडला बोलावून घेणारे हेच हार्डी. पुस्तकात त्यांनी अशा अंकांच्या गमतींचा एक नमुना दिलाय. चार अंकी संख्यांत ८७१२ आणि ९८०१ या दोनच संख्या अशा आहेत की त्या उलट्या लिहिल्या तर येणाऱ्या संख्येच्या पटीत असतात. २१७८ गुणिले ४ म्हणजे ८७१२, आणि १०८९ गुणिले ९ म्हणजे ९८०१. हार्डी म्हणतात, वर्तमानपत्राच्या कोड्यांच्या सदराला हे ठीक आहे, हौशी लोक रमतील, पण गणितीला यात फारसं काही नाही.

हार्डींनी कापरेकरांचं नाव घेतलेलं नाही. पण हा वार कापरेकरांच्या आयुष्यभराच्या कामावर बसतो. आक्षेपाचा गाभा असा: या गमती संख्येच्या नाहीत, संख्या लिहिण्याच्या पद्धतीच्या आहेत. आपल्याला दहा बोटं आहेत म्हणून आपण दहाच्या पटीत लिहितो. आठ बोटं असती तर डोंगर सातापर्यंतच टिकला असता. संख्या तीच राहते, तिचं सोंग बदलतं. याउलट १११११११११ चे मूळ अवयव ३, ३, ३७ आणि ३३३६६७ आहेत, हे कुठल्याही पद्धतीत लिहा, बदलत नाही. गणित तिथे आहे, असं हार्डी म्हणतील.

मला हे बरंचसं पटतं. कापरेकरांना ‘दुसरे रामानुजन’ म्हणणारे लेख मधूनमधून फिरत असतात. तसं म्हणणं दोघांवरही अन्याय करणारं आहे. रामानुजनांच्या सूत्रांवर आजही संशोधनाच्या शाखा उभ्या आहेत; कापरेकरांचं काम त्या जातीचं नव्हे.

पण याच आक्षेपाला जरा पुढे ढकलून बघा. आठच्या पद्धतीत सात एकांपर्यंत डोंगर टिकतो. संगणकवाल्यांच्या सोळाच्या पद्धतीत पंधरा एकांपर्यंत. दोनच्या पद्धतीत दुसऱ्याच एकाला मोडतो: तिथे ११ म्हणजे तीन, आणि तिनाचा वर्ग नऊ लिहिला जातो १००१ असा. म्हणजे नियम सापडला: पद्धत जितक्याची, त्याहून एक कमी इतके एक घेईपर्यंत हातचा लागत नाही आणि डोंगर टिकतो. हे दहा बोटांवर अवलंबून नाही. हे सगळ्या पद्धतींबद्दलचं विधान आहे आणि त्याची सिद्धता आपण वरच केली, रकाने मोजून. सोंगाचा अभ्यास करता करता सोंग कसं रचलं जातं याचा नियम हाती आला. गणित इथेही आहे. फक्त ‘बघा, काय जादू’ म्हणून थांबायचं नाही, ‘का’ आणि ‘कुठपर्यंत’ हे दोन प्रश्न पुढे विचारायचे.

नऊ हजार नऊशे नव्वद वाटा, चोपन्न घाट

कापरेकरांचं जे एक काम तुम्हाला बहुधा ठाऊक आहे, त्याचीही गोष्ट हीच. ते काम म्हणजे ६१७४. १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी ते मांडलं. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक मोठ्यापासून लहानाकडे लिहा, मग उलटे लिहा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच.

त्यांचं जन्मवर्ष घेऊ, १९०५. ९५१० वजा ०१५९, उत्तर ९३५१. ९५३१ वजा १३५९, उत्तर ८१७२. ८७२१ वजा १२७८, उत्तर ७४४३. ७४४३ वजा ३४४७, उत्तर ३९९६. ९९६३ वजा ३६९९, उत्तर ६२६४. ६६४२ वजा २४६६, उत्तर ४१७६. ७६४१ वजा १४६७, उत्तर ६१७४. आणि ६१७४ चे अंक पुन्हा मांडले की पुन्हा ६१७४. गाडी थांबली. सात पायऱ्या लागल्या, आणि कुठल्याही संख्येला सातपेक्षा जास्त लागत नाहीत.

हा व्हिडिओ तुमच्याकडे कधी ना कधी फॉरवर्ड होऊन आला असेल, ‘रहस्यमय आकडा’ अशा मथळ्याने. त्यात एक गोष्ट बहुतेकदा नसते, ती म्हणजे हे का होतं. म्हणून इथे सांगतो. सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकातला फरक घ्या, त्याला ९९९ ने गुणा. मधल्या दोन अंकांतला फरक घ्या, त्याला ९० ने गुणा. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमची पहिली वजाबाकी. १९०५ साठी फरक ९ आणि ४. ८९९१ अधिक ३६०, बरोबर ९३५१. म्हणजे मूळ संख्या कुठलीही असो, पहिल्या पायरीनंतर फक्त हे दोन फरक महत्त्वाचे. बाहेरचा फरक १ ते ९, आतला ० पासून बाहेरच्यापर्यंत. सगळ्या जोड्या मोजल्या तर ५४. पुढे शून्य असलेल्या धरून ९९९० संख्या सुरुवातीला होत्या. पहिल्याच पायरीला त्या ५४ घाटांत येऊन मिळतात. हे ५४ एका दुपारी, एका वहीवर, हाताने तपासून होतात. तपासले की सिद्धता पूर्ण.

आणि ‘कुठपर्यंत’ विचारलं तर आणखी मजा येते. दोन अंकी संख्यांना असा मुक्काम नाही; त्या ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ अशा फिरत राहतात. पण ६१७४ ला मोठी भावंडं आहेत. ६ च्या पुढे एक ३ घाला, ४ च्या आधी एक ६ घाला: ६३१७६४. हिचे अंक मांडून वजा करा, ७६६४३१ वजा १३४६६७, तीच संख्या परत. पुन्हा एक ३, एक ६: ६३३१७६६४. पुन्हा: ६३३३१७६६६४. वाटेल तितकी मोठी करा, ती स्वतःवरच येऊन थांबते. एक फरक मात्र आहे. ६१७४ सगळ्यांना आपल्याकडे ओढते. सहा अंकी जगात ५४९९४५ ही दुसरीही अशीच स्थिर संख्या बसलेली आहे, आणि सगळ्या वाटा एकाच मुक्कामाला येत नाहीत.

नावं राहतात, सरकतात

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात कापरेकरांवर लिहिलं, आणि देवळालीच्या निवृत्त मास्तरांचं नाव जगभर गेलं. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं. १९६६ मध्ये पत्नी गेल्या. पेन्शन पुरत नव्हती म्हणून ते गणित-विज्ञानाच्या शिकवण्या करत होते. १९८६ मध्ये देवळालीतच ते गेले.

नावांचा हिशोब मात्र विचित्र झाला. हर्षद संख्यांना अनेक ठिकाणी ‘निव्हेन संख्या’ म्हणतात, कारण १९७७ मध्ये आयव्हन निव्हेन यांनी एका परिषदेत त्यांवर व्याख्यान दिलं. दुसऱ्या कुठल्याही संख्येत तिचे अंक मिळवून जी तयार होत नाही, उदाहरणार्थ २० किंवा ३१, तिला कापरेकर स्वयंभू संख्या म्हणत, देवळाली संख्या असंही म्हणत. तिचं आणखी एक नाव प्रचलित आहे, ‘कोलंबियन संख्या’. एका कोलंबियन गणितीने तोच प्रश्न स्वतंत्रपणे मांडला होता. यात कुणी चोरी केलेली नाही. खर्च करून छापलेल्या देवळालीच्या पुस्तिका जिथे पोचल्या नाहीत, तिथे दुसऱ्या कुणाला तीच वाट पुन्हा सापडली.

डेम्लो हे नाव टिकलं. रेल्वेच्या पाट्यांवर नसलेलं एक रूप संख्यांच्या यादीत राहून गेलं.

तुमच्यातल्या पुष्कळांचा गणिताशी संबंध दहावीला किंवा बारावीला तुटला असेल, आणि तो भीतीपोटी तुटला असेल. कापरेकरांनी जे केलं ते करायला बेरीज, वजाबाकी, गुणाकार यापलीकडे फारसं काही लागत नाही. लागतो तो वेळ, आणि लोक हसले तरी वही न मिटण्याचा हट्ट. कर्जतपासून डोंबिवलीपर्यंत गाडीला तासाभराच्या आसपास लागतो. एवढ्यात एक काम होऊ शकतं. अकरा एकांचा वर्ग यंत्राशिवाय काढा. मधल्या रकान्यात अकरा, त्याच्या दोन्ही बाजूंना दहा, मग नऊ, आठ. हातचे कुठवर सरकतात ते बघा, आणि अंकांची बेरीज १२१ पेक्षा कितीने कमी येते तेही. तोटा नऊच्या पटीत आला पाहिजे. आला नाही, तर हातचा कुठेतरी विसरलाय. परत मोजा.